माफ केलेले फाउल

डिसेंबर लागला की जबलपूरची तोंडं बंद होतात. मफलर, शाली, माकडटोप्या, हाताला लागेल ते लोक नाकापर्यंत ओढून घेतात. दूधवाला, रिक्षावाला, समोरच्या वहिनी, सगळे डोळ्यांपुरते उरतात. इतरांसाठी ही साधी थंडी असते, माझ्यासाठी मात्र शहर बोलायचं थांबतं. लहानपणी एका तापात माझे दोन्ही कान गेले. त्याआधी जी भाषा कानांवर पडली होती ती आत शिल्लक राहिली, म्हणून मी बोलते, जरा जास्तच मोठ्याने बोलते असं म्हणतात, आणि समोरच्याचं ओठांवरून वाचते. हिवाळ्यात वाचायला ओठच मिळत नाहीत. हा ऋतू मला आवडत नाही. त्यातला मटार तेवढा आवडतो, आणि तोही जवळच्या शहपुऱ्याचा.

हा मटार आला की बाजारात दुसरं काही दिसेनासं होतं. ओली पोती, त्यावर बसलेले माळी, पायाखाली चिरडलेल्या शेंगांचा हिरवा, कच्चा वास. संध्याकाळी आमच्या गल्लीत दारोदारी परात घेऊन बायका सोलायला बसतात. शेंग दाबली की ती फुटते तो आवाज मला अंगठ्यात कळतो. वर्षातले हे दोन महिने घराघरांत मटाराचा रस्सा म्हणजे निमोना, कचोरी आणि मटाराची घुघरी यांखेरीज काही शिजत नाही आणि कोणाची तक्रारही नसते.

यंदा मी अशीच अंगणातल्या उन्हात परात घेऊन बसले होते, तेव्हा अविनाश आला. अविनाश म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळाचा आताचा सचिव, आणि जुने सचिव तात्या यांचा मुलगा. मी त्याला आधी मफलर तोंडावरून काढायला लावला. मंडळाची मुलींची खो-खो स्पर्धा दरवर्षी याच दिवसांत असते. अंतिम सामन्याच्या दिवशी जुनी खेळाडू म्हणून माझा सत्कार करायचं ठरलं होतं, त्याची पत्रिका घेऊन तो आला होता. पत्रिकेत माझ्या नावाआधी ‘मूकबधिर असूनही’ असं छापलेलं. मी मूक नाही हे इतकी वर्षं माझ्याच तोंडून ऐकूनही या लोकांच्या लक्षात आलेलं नाही.

मी नाही म्हणणार होते. शाल-श्रीफळाची मला हौस नाही, घरात शालींचा ढीग आहे. पण तेवढ्यात तो उत्साहाने सांगू लागला.

“ताई, यावेळी एक बच्ची आहे, तन्वी. बिलकुल तुमच्यासारखी, ऐकू नाही येत तिला. बाबांनी तुम्हाला जी सवलत दिली होती ना, तीच आम्ही तिलाही देऊन राहिलो. फाउल माफ वाली.”

मी आनंदाने उठून त्याला चहा करीन असं त्याला वाटलं असावं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेले तात्या, झेंडूच्या माळांचा तो मंडप, भोंगे, टाळ्या, सगळं एकदम समोर आलं. इतक्या वर्षांनी मंडळाने जपून काय ठेवलं होतं, तर ती सवलत. तिची त्यांनी परंपरा केली होती.

आता त्या हिवाळ्याबद्दल लिहायला हवं.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. पहाटे मैदानावर धुकं इतकं असायचं की या खांबावरून तो खांब दिसायचा नाही. आम्हाला शिकवायच्या शोभाताई, शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, बारीक चणीच्या आणि तोंडाने फटकळ. त्यांच्याकडे लाड नव्हते. दव पडलेल्या मातीत अनवाणी पळायचं. आधी तळवे बधिर व्हायचे, मग त्यात मुंग्या यायच्या, मग पाय आपले आहेत याची खात्री पटायची. चौकोनात बसायचं तेही आरामात नाही, चवड्यांवर, उठायच्या तयारीत, मांड्या पेटेपर्यंत. खांबावर सूर मारायचा सराव केला की बरगड्यांवर एक पट्टा उमटायचा, आधी लाल, मग निळा, मग पिवळा. कोपर आणि गुडघे यांना तर कातडी धरायला वेळच मिळत नसे. आई रात्री हळद लावताना काहीबाही बोलायची. मी डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे तिचं बोलणं बंद. बहिरेपणाचे जे थोडे फायदे आहेत त्यातला हा एक.

खो-खो हा खेळ माझ्यासारख्यांसाठीच कोणीतरी बनवलाय असं मला वाटायचं. यात हाक पाठीवर मारतात. मागून तळहात पडला की उठायचं आणि धावायचं, कान लागतोच कुठे. प्रत्येकीचा हात माझ्या पाठीला ओळखू यायचा. कोणाचा घाबरट, कोणाचा चापट मारल्यासारखा, कोणाचा घामेजलेला. हातावरूनच कळायचं की पळणारी मुलगी जवळ आहे की निसटली. आणि मी खो द्यायचे तेव्हा म्हणे अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जायचं.

अडचण एकच होती, शिट्टीची. पाठलाग करणाऱ्या मुलीने चूक केली, म्हणजे मधल्या पाटीवर पाय टाकला किंवा एकदा दिशा धरल्यावर खांबापर्यंत न जाता मागे वळली, की पंच शिट्टी वाजवत राहतो. तिने थांबायचं, चूक दुरुस्त करायची, मगच पुढे. त्या चुकीत कोणी बाद झाली असेल तर ती बाद धरत नाहीत. मला शिट्टी ऐकू येत नसे. कानातलं यंत्र होतं, खिशातली डबी आणि तिची वायर, पण ते घालून सूर मारणार कसा. मी ते बाबांकडे देऊन मैदानात उतरायचे.

शोभाताईंनी यावर मार्ग काढला होता आणि त्यासाठी त्यांना कुठल्या समितीची बैठक भरवावी लागली नव्हती. शिट्टीबरोबर त्या हात वर करायच्या. बस. धावता धावता डोळ्यांच्या कोपऱ्यात तो हात दिसला की मी थांबायचे, वळायचे, चूक भरून काढायचे. कधी हात दिसायला क्षणभर उशीर व्हायचा, तर त्या मला सगळ्यांसमोर झापायच्या. पळताना पंचावर नजर ठेवणं हे माझं जास्तीचं काम होतं. ते मी शिकले. कोणाच्या बापाचं त्यात काही गेलं नाही.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा मंडपाला झेंडूच्या माळा होत्या आणि कढईत कचोऱ्या तळल्या जात होत्या. ऊन कोवळं, मुलींचे श्वास धुरासारखे. उद्घाटनाला तात्या माइकवर पुष्कळ वेळ बोलले. तात्यांना जाड मिशा होत्या, वर पान, वर मफलर, त्यामुळे त्यांचं मला आयुष्यात कधी काही समजलं नाही. लोक मध्येच माझ्याकडे वळून बघत होते, काही बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मला वाटलं, माझी ओळख करून देत असतील. मी नमस्कार केला. टाळ्या वाजल्या. तो नमस्कार आठवला की आजही हात तोडून टाकावेसे वाटतात.

त्या स्पर्धेत मी वेड्यासारखी खेळले. सामन्यामागून सामने जात होते आणि पंचाचा हात माझ्यासाठी एकदाही वर गेला नाही. पंच तात्याच होते. मी दर धावेला त्यांच्याकडे नजर टाकायचे आणि हात खालीच. मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. ज्या शोभाताईंकडे सकाळी मार खाल्ल्याशिवाय दिवस जात नसे, त्यांची मी सगळी शिकवण अंगात मुरवली होती, माझ्याकडून चूक होणंच बंद झालं होतं. समोरच्या संघातल्या मुली मध्येच तात्यांकडे हात करून काहीतरी बोलत, एकीने तर माती उचलून फेकली. मला वाटलं, हरणाऱ्याला राग येतोच. रात्री अंथरुणात मी बाबांना सांगितलं की या स्पर्धेत मी एकही फाउल केला नाही. बाबा काहीतरी म्हणाले, पण दिव्याकडे तोंड वळवून म्हणाले.

अंतिम सामना शहपुऱ्याशी होता. त्यांच्यात सरोज नावाची एक मुलगी होती, शेतकऱ्याची, लांब हातापायांची. ती पळायला लागली की तिच्यामागे जाणारीला स्वतःचीच दया यावी. आम्हाला जिंकायला तिचा एक गडी कमी पडत होता आणि वेळ संपत आली होती. माझ्या पाठीवर हात पडला. मी उठले, खांबाच्या बाजूला दोन पावलं टाकली आणि ती माझ्या खांद्यामागून सटकतेय असं जाणवलं. मी हात मागे टाकला. बोटं तिच्या वेणीला, मग पाठीला लागली. तात्यांकडे पाहिलं. त्यांनी सरोज बाद असल्याची खूण केली. आमच्या मुली माझ्यावर पडल्या, कोणीतरी मला खांद्यावर घेतलं.

खाली उतरले तेव्हा सरोज समोर उभी होती. तिने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं. तिच्या तोंडावर मफलर नव्हता, ओठ थंडीने फुटले होते. ती एकेक शब्द सुटा करून बोलली.

“तू पीछे पलटी थी। सबने देखा। तेरा फाउल गिनते नहीं हैं, इसलिए मैं आउट हूँ।”

मला शब्द कळले, अर्थ कळेना. मी म्हटलं, कोण गिनते नहीं. तिने मंडपाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्याकडे बोट दाखवलं. पहिल्या दिवशी माइकवर सांगितलं होतं, ती म्हणाली, सबको पता है.

सगळ्यांना माहीत होतं. शहपुऱ्याहून ट्रॅक्टरमध्ये बसून आलेल्या मुलींना, कचोऱ्या तळणाऱ्याला, माझ्या संघाला, शोभाताईंना, माझ्या बापाला. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिच्याबद्दलचा निर्णय भोंग्यावरून जाहीर केला होता आणि तिला सांगायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मी तात्यांकडे गेले. त्यांच्या हातात करंडक होता. मी ओरडूनच सांगितलं की सरोज बाद नाही, मी मागे वळले होते, निकाल बदला. सगळा मंडप आमच्याकडे बघायला लागला. तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते लोकांकडे वळून काहीतरी बोलले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मी भांडत होते आणि त्यांना माझं मन किती मोठं आहे ते दिसत होतं. त्या टाळ्यांपुढे काही चालत नाही. शिवी देणाऱ्याला उलट शिवी देता येते. डोळ्यांत पाणी आणून डोक्यावर हात ठेवणाऱ्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

घरी मी शोभाताईंना बोलावून घ्यायला लावलं. त्या आल्या, वेताच्या मोड्यावर बसल्या, मान खाली. मंडळाच्या बैठकीत त्यांनी हात वर करायचीच मागणी केली होती. तात्या म्हणाले होते, बिचारीला पळता पळता आणखी इकडे तिकडे कशाला बघायला लावता, तिचे फाउल धरूच नका, खेळू द्या तिला मोकळं. सगळ्यांनी माना डोलावल्या. शोभाताईंना वाटलं, मला कळलं तर मी खेळणारच नाही, म्हणून त्या गप्प राहिल्या. बाबा म्हणाले, “तुझ्यासाठीच होतं न बेटा ते. तू काहून एवढी रागावून राहिली?” बाबांवर मी नंतर पुष्कळ वर्षं प्रेम केलं, पण त्या रात्रीचं जेवण मी त्यांच्यासमोर बसून जेवले नाही.

नंतर विभागाचा संघ निवडायला बाहेरून एक गृहस्थ आले. त्या संघात जायचं म्हणूनच तर मी बरगड्या निळ्या करून घेतल्या होत्या. त्यांनी माझा खेळ पाहिला, चौकशी केली आणि मला घेतलं नाही. सरोजला घेतलं. शोभाताईंनी त्यांचं म्हणणं मला जसंच्या तसं सांगितलं, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी दाखवला. ते म्हणाले होते की ही मुलगी माफ केलेल्या फाउलांवर खेळलेली आहे, हिचे किती गडी खरे हे कोण सांगणार, पुढे कोणी माफ करणार नाही. मी त्या माणसाचा राग करून पाहिला, जमलं नाही. सगळ्या प्रकरणात तोच एक माणूस हिशेबाने बोलला होता. तात्यांच्या त्या प्रेमळ हाताने माझे चुकीचे गडी जमा केले आणि खरे गडीही बुडवले. त्या हिवाळ्यात मी बाद केलेल्या मुलींपैकी माझ्या कोणत्या, हे मला आजही सांगता येत नाही.

सरोजशी मात्र माझी मैत्री झाली. तिची आता शहपुऱ्याला शेती आहे. मटाराचं एक पोतं दरवर्षी ती बसवर टाकून पाठवते. तिला माझी दया कधी आली नाही. भेटली की अजूनही म्हणते, तू पलटी थी.

मी हे अविनाशला सगळं सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हटलं की सवलत काढून टाका आणि पंचांना हात वर करायला सांगा. तो गडबडला. बोलताना तो अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलतो, आपल्याकडे सगळेच तसं बोलतात. माझे डोळे मराठीवर बसतात न बसतात तोच माणूस हिंदीत घसरलेला असतो. त्याला दोनदा बोलायला लावलं. त्याचं म्हणणं होतं की समितीत लोक म्हणतील, आज हात वर करा म्हणतात, उद्या कोणी मैदान छोटं करा म्हणेल, परसों कोणी खांब जवळ आणा म्हणेल, मग खेळ काय राहिला.

हा प्रश्न मला फार आवडतो. जे लोक खेळाचा नियमच एका मुलीसाठी गुंडाळून ठेवतात, त्यांना खेळाची काळजी हात वर करायची वेळ आली की वाटते. मी म्हटलं, मैदान बोटभरसुद्धा छोटं करू नका. खांब आहेत तिथेच राहू द्या. वेळ तेवढीच, माती तीच, सूर मारून छाती फुटायची असेल तर सगळ्यांसारखी तिचीही फुटू द्या. हा खेळ पळायचा आहे, हुलकावणीचा आहे, दम टिकवायचा आहे. शिट्टी ऐकायची स्पर्धा कोणी ठेवलेली नाही. शिट्टी म्हणजे फक्त निरोप. तो कानाने पोचत नसेल तर डोळ्याने पोचवा, आणि पोचल्यावर तिच्याकडून पुरता वसूल करा.

तो म्हणाला, विचारतो समितीला. मी म्हटलं, विचारू नका, सांगा, नाहीतर मी सत्काराला येऊन माइक हातात घेईन. माझा आवाज केवढा आहे हे त्याला माहीत होतं.

मग मी विचारलं की तन्वीला ही सवलत माहीत आहे का. अविनाशने जरा विचार केला आणि म्हणाला, तिच्या मम्मीला सांगितलं आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. धुकं उतरत होतं. तन्वी लगेच ओळखू आली, कारण बाकीच्या गप्पा मारत होत्या आणि ती एकटी खांबावर सूर मारत होती. छोटी, काळीसावळी, गुडघ्यांना चिंध्या बांधलेल्या. कानामागचं यंत्र तिने काढून आईकडे दिलं होतं. या पिढीची यंत्रं चांगली असतात, पण मैदानात तीही काढावीच लागतात. मी तिच्यासमोर उभी राहिले, तोंडावरचा पदर काढला आणि सरोजने सांगितलं होतं तसं सुटं सुटं सांगितलं. तुझे फाउल धरत नाहीत. परवाच्या सामन्यातही धरले नाहीत. मी पाहायला नव्हते, पण सगळ्यांना माहीत आहे.

ती आधी हसली. मग तिने माझे ओठ परत वाचले. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. हा चेहरा मी कधी बाहेरून पाहिला नव्हता.

“आप झूठ बोल रही हैं,” ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. ती वळून आईकडे गेली. दोघींचे हात बराच वेळ चालले, मला ती खुणांची भाषा येत नाही, माझ्या काळात ती कोणी शिकवली नाही. तन्वी यंत्रही न घेता घरच्या रस्त्याला लागली. मग तिची आई माझ्याकडे आली. तिच्या ओठांवरून वाचायला काही कष्ट पडले नाहीत. मुलगी किती दिवसांनी हसत होती, ती म्हणाली, आपको इससे क्या मिला. ती चूक बोलत नव्हती. दोन दिवस मुलीने सराव केला नाही हे अविनाशने मला कळवलं, आणि कळवताना त्यात थोडं समाधान होतं. मला झोप लागली नाही. माझ्यावर दया करणाऱ्यांनी मला निदान खेळू दिलं होतं. मी या पोरीचा खेळच बंद पाडला की काय, या विचाराने मी परातभर मटार सोलला आणि सगळा फ्रीजमध्ये कोंबला.

अंतिम सामन्याला मी वेळेआधीच जाऊन बसले. सत्काराच्या खुर्चीत बसवलं मला, गळ्यात हार घालून. तन्वी आली होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. सामन्याआधी ती स्वतः पंचाकडे गेली, एक तरुण मुलगा होता, तिने शिट्टीकडे बोट दाखवलं आणि स्वतःचा हात वर करून दाखवला. तो हो म्हणाला. हे तिने कोणाला न विचारता केलं. मी हार काढून मांडीवर ठेवला.

ती छान खेळत होती. मुलींना हात लावत होती, खो देत होती, तिचा खो मला तिच्या गळ्याच्या शिरांत दिसत होता. मग एका धावेत तिने समोरच्या संघाच्या सर्वांत चपळ मुलीला खांबाजवळ गाठलं, अंग तिरकं टाकलं आणि बोटं लावली. पंचाचा हात वर गेला.

तन्वीने तो पाहिला. ती जागच्या जागी थांबली. पळणारी मुलगी पलीकडे जाऊन श्वास घेऊ लागली, बाद नव्हतीच ती. तन्वीने चूक भरून काढली, पुढचा खो दिला, आणि डाव संपेपर्यंत ती मुलगी कोणाच्या हाती लागली नाही. तेवढ्याच गड्याने तन्वीचा संघ मागे राहिला. तिची आई तोंडावर हात दाबून उभी होती. संघातल्या मुली रागाने तन्वीकडे बघत होत्या, एक तर पाय आपटत तिच्या अंगावर गेली.

डाव संपल्याची खूण झाली तशी तन्वी सरळ पंचाकडे गेली. मला वाटलं रडायला लागेल. तिने मातीतली पाटी दाखवली, स्वतःचा पाय दाखवला, दोघांमध्ये किती जागा होती ते दोन बोटांनी दाखवलं. पंच मान हलवून नाही म्हणाला. तिने त्याला हाताला धरून पाटीपाशी नेलं. तो वाकला, खुणा शोधू लागला. तिच्या तोंडावर येत होते ते शब्द मला दुरूनही वाचता येत होते आणि त्यातले काही तिच्या आईने शिकवलेले नव्हते. लोक उठून जवळ गेले. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. दोन्ही संघांच्या मुली मध्ये पडल्या होत्या आणि सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या.

अविनाश धावत माझ्याकडे आला. शाल त्याच्या हातात तशीच होती, पाहुणे खोळंबले होते.

“ताई, जरा सांभाळा न तिला. ती पंचाशी भांडून राहिली. तुमचं ऐकेल.”

मी खुर्चीतून समोर पाहत होते आणि माझी जागा बरोबर पाटीच्या रेषेत होती. तन्वीचा पाय पाटीवर चांगला अर्धा पडला होता. फाउल होता, त्यात शंकाच नव्हती. ती धडधडीत खोटं भांडत होती, आणि त्या तरुण पंचाला घाम फुटला होता, कारण आता तिला उत्तर देण्यावाचून त्याची सुटका नव्हती.

“भांडू द्या तिला,” मी म्हटलं.